दिवंगतांचं पान

आधारवेल मंडळाच्या संगणकात शारदा कोरडे यांच्या नावावर चौदा चुका लागलेल्या आहेत, आणि त्यांतली एकही त्यांची नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी पक्की कळलेला माणूस एकच, अश्वजित तायडे. वय अठ्ठावन्न. सुदामा नगरात एका मेडिकल स्टोअरच्या वर मंडळाच्या दोन खोल्या आहेत. तिथे खिडकीलगतच्या टेबलावर ते बारा वर्षं बसत.

तायड्यांचे आजोबा पलटणीत होते. वडील कचरू तायडे महूच्या छावणीत कारकून होते आणि त्यांची रजिस्टरं इतकी स्वच्छ असत, की साहेब लोक ती नव्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवत. कचरूंचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता. मूळ कागदावर पेन चालवायचं नाही. नक्कल काढायची, काय खाडाखोड करायची ती नकलेवर करायची, आणि मूळ कागद जसाच्या तसा कपाटात ठेवायचा. घरच्या वाणसामानाच्या यादीचीही ते नक्कल काढत. आई त्यावरून त्यांना हसायची, पण यादी कधी हरवली नाही.

अश्वजित बी.कॉम. झाले आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले. सेहेचाळिसाव्या वर्षी तो कारखाना बंद पडला. त्या वयात माणसं दुकान टाकतात नाहीतर घरी बसतात. तायडे राजवाड्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासला गेले आणि आपल्या मुलीच्या, संबोधीच्या, वयाच्या पोरांशेजारी बसून वेबसाइट बनवायला शिकले. क्लासचे सर त्यांना 'अंकलजी' म्हणत. अंकलजींनी दोन जाड वह्या भरल्या. त्यातूनच त्यांना आधारवेल मंडळात काम मिळालं.

मंडळाचं काम साधं होतं. शहरात एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या मंडळाचे सदस्य. रोज सकाळी दहाला संगणक प्रत्येकाला फोन लावी. एक ध्वनिमुद्रित आवाज म्हणे, "नमस्कार, आधारवेलकडून हालहवाल विचारायला फोन आहे. सगळं ठीक असेल तर एक दाबा." एक दाबलं की त्या नावापुढे हिरवी खूण. फोन उचलला नाही किंवा एक दाबलं नाही, तर ती ओळ लाल होई आणि तासाभरात कुणीतरी त्यांच्या घरी जाई. किल्ल्या मंडळात टांगलेल्या असत. याशिवाय पंधरा दिवसांतून एका रविवारी प्रत्यक्ष भेट. ही फोनची योजना तायड्यांची होती. पाच वर्षांत तिनं सहा जणांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं होतं. तायडे तो आकडा कुणाला सांगत नसत, पण त्यांच्या वहीत तो होता.

सदस्यांची माहिती भरायला त्यांनी एक तयार सांगाडा वापरला होता. त्यात अ‍ॅडमिन नावाचा भाग आयता मिळतो. आत गेलं की फॉर्म, फॉर्ममध्ये चौकटी, चौकटीत भरायचं आणि 'जतन करा' दाबायचं. एक मूळ फॉर्म असतो : नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन. त्यावरून बाकीचे फॉर्म काढता येतात. बापाचं नाक मुलांना यावं तशा मूळ फॉर्मच्या चौकटी त्यांना आपोआप येतात. तायड्यांनी मूळ फॉर्मवरून दोन फॉर्म काढले होते. एक हयात सदस्यांचा आणि एक दिवंगतांचा. कुणी वारलं की त्याची नोंद पहिल्यातून दुसऱ्यात जाई. मंडळात त्याला 'दिवंगतांचं पान' म्हणत.

गेल्या फेब्रुवारीत मंडळाच्या सचिव अरुंधतीताई जोगळेकर त्या पानासमोर बसल्या होत्या. त्या कॉलेजात प्राचार्य होऊन निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच.

"तायडे, गेलेल्या माणसाचा फोन कसला विचारताय तुम्ही? शोकपत्र ज्यांना जायचं, त्यांचा नंबर नको का इथे?"

म्हणणं रास्त होतं. तायड्यांनी दुपारी बसून तीन ओळी लिहिल्या. दिवंगतांचं पान उघडलं की मूळ फॉर्मकडून आलेली फोनची चौकट धरायची आणि तिच्यावरचं 'सदस्याचा फोन' हे नाव बदलून 'नातेवाइकाचा फोन' करायचं. करून पाहिलं, झालं. ताईंनी मान हलवली. तायडे साडेपाचच्या ठोक्याला घरी गेले.

पाडव्यानंतर दरवर्षी सदस्यांचे फॉर्म नव्याने भरून घेतात. कागदावर आलेले फॉर्म संगणकात चढवायचं काम शारदाबाईंचं. बावन्न वर्षांच्या, विधवा, जेलरोडला माहेर आणि अन्नपूर्णेजवळ सासर, दोन्ही घरांत आता त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं. नऊ वर्षं मंडळात. एक बोट कागदाच्या ओळीवर ठेवून, दुसऱ्या हातानं टाइप करत. कागदावर सदस्याचा फोन आणि नातेवाइकाचा फोन असे दोन्ही असत, पडद्यावर चौकट एकच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या तायड्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तायडेजी, जरा बघा ना. फोनच्या जागी कुछ और ही लिहून येऊन राहिलं आहे. नातेवाइकाचा फोन म्हणून."

"दिवंगतांचं पान उघडलं असेल तुम्ही."

"ते सकाळी उघडलं होतं, साठेआजींसाठी. आता हयातवालं उघडलंय. कल तक तर बरोबर होतं."

तायड्यांची एक सवय होती, आणि या धंद्यातल्या प्रत्येक माणसाची असते. कुणी तक्रार आणली की आधी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, मग बघायला जायचं. त्यांनी सर्व्हर बंद केला, चालू केला, शारदाबाईंच्या टेबलापाशी गेले, हयात सदस्यांचा फॉर्म उघडला. 'सदस्याचा फोन.' अक्षर न् अक्षर जागेवर.

"शारदाजी, चष्मा कधी बदललाय?"

त्या ओशाळून हसल्या. पलीकडे भेटीचं वेळापत्रक लावणारा रजत म्हणाला, "भिया, चष्म्याचा काय दोष, दिवसभर मरे हुए लोगों की फाइल बघितली तर जिवंत कसे दिसतील?" तिघंही हसले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. तायड्यांनी पुन्हा सर्व्हर बंद-चालू केला, पुन्हा सगळं जागेवर. या वेळी ते हसले नाहीत, नुसते "बघा" म्हणाले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्या शनिवारी शारदाबाई राजवाड्याला जाऊन नवा चष्मा करून आल्या. त्यानं त्यांचं डोकं दुखे. तरी त्यांनी तो लावला, आणि तिसऱ्यांदा पडद्यावर 'नातेवाइकाचा फोन' आलं तेव्हा त्या तायड्यांकडे आल्या नाहीत. चौकट जे मागत होती ते त्यांनी भरलं. त्या दिवशी, आणि पुढेही जेव्हा जेव्हा तसं आलं तेव्हा, जुना नंबर खोडला आणि कागदावरचा नातेवाइकाचा नंबर घातला.

पंढरीनाथ शेवडे अन्नपूर्णा भागात एकटे राहत. वय एक्याऐंशी, एके काळी कापड गिरणीत टाइमकीपर. गिरणी गेली, बायको गेली, मुलगा मनीष हैदराबादला गेला. घरात जुना लँडलाइन फोन, त्यावर बायकोनं विणलेलं झाकण. दहा वाजता फोन वाजे, काका झाकण उचलून घडी करत, एक दाबत आणि झाकण पुन्हा घालत. टाइमकीपरचा तो दिवसातला एकुलता भोंगा उरला होता. मेच्या सुरुवातीला तो वाजायचा थांबला. काकांना वाटलं, मंडळानं योजना बंद केली असेल. विचारायला ते गेले नाहीत. मागून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, न्हाणीघराच्या दारात ते घसरले. कंबरेचं हाड मोडलं. वरचे भाडेकरू सुट्टीत गावी गेलेले. हाताला लागणाऱ्या बादलीतल्या पाण्यावर ते दोन दिवस राहिले. रविवारी रजत भेटीला गेला तेव्हा दार उघडेना, म्हणून किल्ली घेऊन पुन्हा गेला. काका शुद्धीत होते. रजतला म्हणाले, "मी आत्तापर्यंत फोनची वाट बघत होतो. म्हटलं, एकदा तरी वाजेल."

संगणकात मात्र शुक्रवारी हिरवी खूण होती. शनिवारी हिरवी. रविवारीही हिरवी.

मनीष विमानानं आला. त्याच्याशी बोलताना उलगडा झाला. दोन आठवड्यांपासून रोज दहा वाजता मंडळाचा फोन हैदराबादला त्यालाच येत होता. सगळं ठीक असेल तर एक दाबा. "मला वाटलं, बाबा ठीक आहेत हे घरच्यांना कळवायला फोन करताय," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये असायचो. एक दाबायचो."

मंडळाची बैठक बसली. मनीषला उत्तर द्यायचं होतं. अरुंधतीताईंनी तायड्यांना विचारलं, नंबर कुणी बदलला ते सांगता येईल का. सांगता येत होतं. प्रत्येक नोंदीमागे अ‍ॅडमिन इतिहास ठेवतो : कोणी, कधी, कोणती चौकट बदलली. तायड्यांनी पंढरीनाथकाकांचा इतिहास काढला, मग सगळ्यांचा काढला, मनीषनं विचारण्याआधी आपणच पाहिलेलं बरं म्हणून. चौदा सदस्यांच्या फोनच्या जागी नातेवाइकांचे नंबर होते. चौदाही ठिकाणी एकच नाव : शारदा कोरडे. त्यांनी तो कागद छापला, पिन लावली आणि ताईंपुढे ठेवला.

शारदाबाई उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"पानावर तसंच लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तायडेजींना दोन वेळा सांगितलं."

सगळ्यांनी तायड्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी दोन्ही वेळा जाऊन पाहिलं. माझ्यासमोर तसं काही दिसलं नाही."

वाक्य शब्दशः खरं होतं. ते बोलताना तायड्यांना काही वाटलंही नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाला जेवढं वाटावं तेवढंच. शारदाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नये असं ठरलं. त्यांनी ड्रॉवरमधला जुना चष्मा, एक गमछा आणि बामाची डबी पिशवीत घातली. जाताना त्या रजतला म्हणाल्या, साठेआजींच्या मुलीला शोकपत्र पोचलं का ते एकदा विचार.

दवाखान्यात नेल्याच्या नवव्या दिवशी पंढरीनाथकाका तिथेच वारले.

शारदाबाईंची जागा भरलेली नव्हती, म्हणून काकांची नोंद तायड्यांनाच करावी लागली. अकराच्या सुमारास त्यांनी दिवंगतांचं पान उघडलं. नाव, पत्ता, मृत्यूची तारीख. 'नातेवाइकाचा फोन' या चौकटीत मनीषचा नंबर आधीपासून होताच. निदान इथे तरी तो योग्य जागी होता. त्यांनी जतन केलं. मग उरलेल्या तेरा जणांचे नंबर, ज्यांना इतके दिवस रजत रोज हातानं फोन लावत होता, कागदावरून दुरुस्त करायला घेतले. पहिल्या सदस्याचा फॉर्म उघडला.

'नातेवाइकाचा फोन.'

तायड्यांनी डोळे मिटून उघडले. पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच. दुसरा सदस्य, तिसरा, तेच. हयात माणसांच्या फॉर्मवर, जिथे माणसाचा स्वतःचा नंबर असायचा, तिथे ठळक अक्षरांत तेच. त्यांचा हात सवयीनं सर्व्हर बंद करायच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. बंद-चालू केलं की ही अक्षरं जातील. आजवर दोनदा ती अशीच गेली होती, त्यांच्याच हातानं.

त्यांनी फेब्रुवारीतल्या त्या तीन ओळी उघडल्या. आता त्या समोर ठेवल्या तर क्लासमधल्या पोरानंही चूक दाखवली असती. मूळ फॉर्मकडून मुलाला आलेली चौकट ही नवी चौकट नसते. ती एकच चौकट असते, बापाची आणि दोन्ही मुलांची मिळून. आधी तिची नक्कल काढायची आणि नकलेचं नाव बदलायचं, असा रिवाज. तायड्यांनी मूळ चौकटीवरच पेन चालवलं होतं. एकदा दिवंगतांचं पान उघडलं, की सर्व्हर पुन्हा चालू होईपर्यंत सगळ्यांच्या फॉर्मवर ते नाव चिकटे. सर्व्हर रोज पहाटे आपोआप बंद होऊन चालू होई. म्हणून सकाळी सगळं ठीक, म्हणून तायड्यांसमोर सगळं ठीक.

त्यांनी पिन लावलेला तो कागद काढला आणि शेजारी दिवंगतांची यादी ठेवली. चौदा बदल चार तारखांना झालेले होते. त्या चार तारखांना मंडळात चार मृत्यूंची नोंद झाली होती. सकाळी शारदाबाईंनी गेलेल्या माणसाची नोंद केली होती आणि त्यानंतर, त्याच दिवशी, जिवंतांचे फॉर्म चढवले होते. ज्या दिवशी कुणी गेलं नाही, त्या दिवशी एकही चूक नव्हती.

जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही. रजतनं विचारलं, भाऊ, तबियत ठीक नाही का. ते म्हणाले, ठीक आहे.

अरुंधतीताईंकडे ते त्याच दुपारी गेले. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोनदा समजावून घेतलं, कारण त्यांना अर्धवट कळलेलं चालत नसे. मग म्हणाल्या, चौकट दुरुस्त करून टाका, नंबर दुरुस्त करून टाका, पण हे कागदावर आणू नका. मनीष वकिलाशी बोलतो आहे. बाई चुकली हे त्याला समजतं. आपली पद्धतच चुकली म्हटलं तर मंडळ उभं राहणार नाही, आणि एकशे साठ म्हाताऱ्यांचे फोन उद्यापासून बंद होतील. निवृत्तीला तुमची दोन वर्षं उरलीत, तायडे.

यात खोटं काहीच नव्हतं. तायडे घरी आले, जेवले. पत्नी कीर्तींना त्यांनी एवढंच सांगितलं, की एक पत्र लिहायचं आहे. इतिहासातलं शारदाबाईंचं नाव पुसायचे अधिकार त्यांच्याकडे होते. दोन मिनिटांचं काम. पण मूळ कागदावर एकदा पेन चालवून झालं होतं, ते पुन्हा करवेना. त्यांनी पत्र लिहिलं. एका पानात, तारखा घालून, तक्ता आखून, चूक कुणाची आणि कोणत्या तीन ओळींत, ते. सकाळी चौकट नीट केली, तेरा नंबर आपल्या नावानं दुरुस्त केले, पत्राचं मूळ ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि एक प्रत हैदराबादला धाडली. ताईंनी पत्र वाचलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. महिनाअखेर तायड्यांचा राजीनामा मंजूर झाला. शारदाबाईंना परत बोलावण्याचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

पत्राची दुसरी नक्कल घेऊन ते शारदाबाईंकडे गेले, राजीनाम्याच्या आधी, एका रविवारी सकाळी. माडीवर एक खोली, बाहेर नळ. शारदाबाईंनी पाणी दिलं, चहाला विचारलं. तायड्यांनी कागद पुढे केला. शारदाबाईंनी नवा चष्मा काढला, पिशवीतून जुना शोधून लावला आणि बोट ओळीवर ठेवून वाचायला लागल्या. मंडळात वाचत तसंच. तक्त्यापाशी त्यांचं बोट थांबलं. चार तारखा त्यांनी पुटपुटत वाचल्या, आणि प्रत्येकीबरोबर त्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव घेतलं. ती नावं पत्रात नव्हती.

"म्हणजे माझे डोळे ठीक होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी पागल नव्हते."

तायडे म्हणाले, आपण मंडळाला लिहून दिलं आहे, मनीषलाही कळवलं आहे, आता शारदाबाईंना कुणी बोल लावणार नाही. शारदाबाईंनी कागदाची घडी घातली.

"मी दवाखान्यात गेले होते, तायडेजी. काका जायच्या दोन दिवस आधी. मनीषभैया बाहेर होते, आत जाऊ दिलं नर्सनं. मी पाया पडले. म्हटलं, काका, माझ्या हातून झालं, मला माफ करा. ते म्हणाले, जाऊ दे पोरी. बोलवत नव्हतं तरी दोनदा म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला."

बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि कुणीतरी बादली लावली होती.

"ती माफी तुमची होती," शारदाबाई म्हणाल्या. रागानं नाही. एखाद्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली हे सांगावं तसं. "आता ती मी तुम्हाला देऊ कशी?"

तायडे उठले. जिन्यात त्यांना आठवलं, की त्या कागदावर सही करायची राहिली होती. ते परत वर गेले. दार लोटलेलं होतं. त्यांनी हाक मारली, शारदाबाईंनी कागद आणून दिला. उंबऱ्यात उभं राहून, कागद दाराच्या फळीवर धरून त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद परत दिला.